११ वर्षं जुना २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर गळतोय. दुरुस्त करावा की नवाच बसवावा? (नागपूर)

बेसा_रोड

घर बेसा भागात, तळमजला आणि वर एक मजला, माणसं चार. गच्चीवर २०१४ साली बसवलेला २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे. ५८ मिमी जाडीच्या, १८०० मिमी लांबीच्या २० ट्यूब, आतली टाकी एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलची, बॅकअपला २ किलोवॉटचा विजेचा एलिमेंट. सोलरला पाणी बोअरिंगचंच जातं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९४० दाखवतो.

सध्याच्या तक्रारी अशा:

टाकीच्या उजव्या टोकाला खालून थेंब थेंब गळतं, रात्रभरात अर्धी बादली भरते.
संध्याकाळी पाणी चांगलं कढत असतं, सकाळी सहाला मात्र जेमतेम कोमट.
तीन ट्यूबचा खालचा भाग पांढरट झाला आहे, बाकीच्यांचा आरशासारखा चकचकीत आहे.
बॅकअप लावला की दहा मिनिटांत आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते.

तीन जणांना दाखवून झालं. एक म्हणतो सगळे रबर, तीन ट्यूब आणि एलिमेंट बदलू, ८,५०० रुपये. दुसरा म्हणतो टाकी उघडून वेल्डिंग मारतो, ४,०००. दुकानदार म्हणतो यात पैसे घालू नका, नवा २०० लिटरचा ३६,००० ला बसवून देतो, जुन्याचे ३,००० कमी करतो. तिघंही ठामपणे बोलतात, पण गळतं नेमकं कुठून हे एकानेही शोधलं नाही. थंडी तोंडावर आली आहे. काय करावं?

ट्यूब५८

सगळ्यात आधी बॅकअपचा एमसीबी (त्याच्या लाइनीचा स्विच) खाली पाडा आणि एलिमेंट तपासून होईपर्यंत वर करू नका. आरसीसीबी पडते म्हणजे करंट पाण्यात किंवा टाकीच्या अंगात उतरतोय. "सारखी पडते" म्हणून आरसीसीबीला बायपास करून देणारे इलेक्ट्रिशियन असतात. तसलं काही करू देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. या यंत्रातली प्रत्येक वस्तू बदलता येते, आतली टाकी सोडून. रबर, ट्यूब, एलिमेंट, थर्मोस्टॅट, व्हेंट पाईप (हवा-वाफ जायची नळी), स्टँड हे सगळं दुरुस्तीत बसतं. आतली टाकी फुटली की दुरुस्ती संपली. म्हणून ८,५०० की ३६,००० हा प्रश्न आत्ता सोडवू नका, गळती कुठली ते आधी ठरवा. काम तासा-दोन तासांचं आहे आणि घरच्या घरी होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत वर जा. टाकी आणि ट्यूबचे गळे कोरड्या फडक्याने पुसून घ्या. प्रत्येक ट्यूब टाकीत जिथे शिरते तिथे वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी गुंडाळा. थंड पाण्याचा सॉकेट, गरम पाण्याचा सॉकेट, एलिमेंटची फ्लँज (तो बसवायची चकती) आणि व्हेंटचं बूड इथेही तसंच करा. दोन तासांनी पाहा. ट्यूबच्या गळ्याची पट्टी ओली होऊन पाणी ट्यूबवरून ओघळलेलं असेल तर रबर गेलं आहे, किरकोळ काम. सॉकेटची पट्टी ओली असेल तर आटे सुटलेत, टेफ्लॉन लावून परत आवळायचं. एलिमेंटच्या फ्लँजपाशी ओलं असेल तर तिथलं वॉशर.

सगळ्या पट्ट्या कोरड्या आणि तरीही बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून किंवा टोकाच्या झाकणातून पाणी येत असेल, तर आतली टाकी गेली. पाण्यासोबत पिवळसर फोमचे कण येत असतील तर शंकाच नको, तो पफ, म्हणजे टाकीभोवतीचा उष्णता अडवणारा फोम आहे.

आणखी एक परीक्षा. थंड पाण्याचा वॉल्व्ह बंद करून ड्रेनमधून वीस-वीस लिटर पाणी काढा आणि दर वेळी पंधरा मिनिटं थांबून थेंब पाहा. टाकी अर्ध्यावर आल्यावर गळती थांबली तर भोक वरच्या अर्ध्यात आहे, बहुतेक वरच्या सॉकेटच्या जोडापाशी. शेवटपर्यंत गळत राहिलं तर भोक तळाला. हे मात्र ट्यूबवर ताडपत्री टाकूनच करायचं. रिकामी ट्यूब उन्हात २०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात थंड पाणी सोडलं की काच तडकते. टाकी रिकामी केल्यावर पुन्हा भरायची ती सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे.

तीन पांढऱ्या ट्यूबचं सांगायचं तर, ट्यूबच्या तळाशी चांदीसारखा जो थर असतो तो बेरियमचा. आत हवा शिरली की तो पांढरा पडतो, म्हणजे त्या ट्यूबची निर्वात पोकळी गेली. भर उन्हात हात लावून पाहा, चांगली ट्यूब बाहेरून थंड लागते आणि ही गरम. वीसातल्या तीन गेल्या तर उष्णतेची कमाई १५ टक्क्यांच्या आसपास घटते, त्याहून जास्त नाही. तेव्हा सकाळच्या कोमट पाण्याचं कारण ट्यूब नाहीत. संध्याकाळी पाणी कढत असतं म्हणता, म्हणजे कमाई होतेय आणि रात्रीत कुठेतरी जातेय.

पाना_त्रिमूर्तीनगर

वरच्याशी सहमत. रात्रीत उष्णता जाते तिच्या तीन वाटा आहेत, तिन्ही पाहून घ्या भाऊ.

पहिली, पफ भिजला असेल. टाकी आतून गळून राहिली तर होणारच. भिजलेला पफ पुन्हा वाळत नाही, बाहेरून कितीही ऊन लागू द्या. धडधाकट टाकीचं पाणी रात्रभरात पाच ते आठ अंश उतरतं. टाकीजवळच्या नळावर संध्याकाळी सहाला आणि सकाळी सहाला थर्मामीटर धरा. वीस-पंचवीस अंशांचा फरक आला तर काहीतरी मोठं बिघडलंय.

दुसरी वाट म्हणजे उलटा प्रवाह. थंड पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह) नसेल किंवा त्यात कचरा अडकला असेल, तर गरम पाणी हळूहळू घराला पाणी देणाऱ्या मोठ्या टाकीकडे चढतं. रात्री नऊच्या सुमारास, कोणी पाणी वापरत नसताना, थंड पाईपला टाकीपासून हात लावत जा. फूट-दीड फुटापुढेही पाईप गरम लागला तर हीच भानगड.

तिसरी वाट लोकांना सुचतच नाही. बाथरूममधल्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढचा हँड शॉवर बंद, असं कोणी ठेवलं की थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनीत घुसतं. मग सोलरला शिव्या. एक रात्र बाथरूमचे थंडाचे अँगल कॉक बंद ठेवून पाहा.

वेल्डिंगवाल्याला मात्र नमस्कार करून वाटेला लावा. आतला पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथवर पोचायला बाहेरचा पत्रा कापावा लागतो, पफ खरवडावा लागतो, आणि उरलेला पफ वेल्डिंगच्या आचेने जळून विषारी धूर होतो. एवढं करून जोड घातला तरी आच लागलेली जागाच गंजायला सगळ्यात नाजूक होते. वर्षभरात दोन इंच बाजूला नवं भोक पडतं. एम-सीलही तसंच. रोज ८० अंशांपर्यंत तापून थंड होणाऱ्या पत्र्यावर ते टिकत नाही.

एलिमेंटचं. दोन्ही वायर काढून मल्टिमीटर लावा. २ किलोवॉटचा एलिमेंट २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम दाखवतो. २६ दाखवला म्हणजे चांगला असं समजू नका, आतली तार शाबूत आणि वरचं आवरण फुटलेलं असू शकतं. एक टोक आणि अंग यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर फेकून द्या. तुमची आरसीसीबी लगेच पडत नाही, दहा मिनिटांनी पडते. एलिमेंट तापून चीर उघडते तेव्हा पाणी आत जातं, त्यामुळे असं होतं. नवा घ्याल तर तांब्याचा घेऊ नका, बोअरिंगच्या पाण्याला सहजी न गंजणाऱ्या इन्कोलॉय या मिश्रधातूचा. इतवारीत लोहाओळीच्या आजूबाजूला विचारलं तर फ्लँजच्या मापाचा मिळून जाईल, पण जुना सोबत न्या. भोकांचं अंतर कंपनीगणिक वेगळं असतं.

आणि काऊन बाप्पा, ९४० टीडीएसच्या पाण्यावर एसएस ३०४ अकरा वर्षं टिकलं हेच पुष्कळ झालं.

ट्यूब५८

त्या शेवटच्या वाक्यात खरी मेख आहे. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, कोणते क्षार ते सांगत नाही. पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत एक लिटर नमुना द्या आणि दोनच गोष्टी मागा: एकूण कठीणपणा आणि क्लोराइड. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० कठीणपणाला लिटरमागे २०० मिलिग्रॅम स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल म्हणतं. क्लोराइडला २५० आणि १,०००. पण हे आकडे माणसाच्या पोटासाठी आहेत, स्टीलच्या टाकीसाठी नाहीत. एसएस ३०४ ला क्लोराइड २०० च्या वर गेलं की टाचणीएवढी भोकं पडायला सुरुवात होते, आणि पाणी जितकं गरम तितकी ही मर्यादा आणखी खाली येते. मे महिन्यात तुमच्या टाकीत ९० अंशांचं पाणी आठवडेच्या आठवडे न वापरता पडून असतं. भोकं पडतात ती तेव्हा.

कठीणपणा टाकी खात नाही, तो ट्यूब भरतो. ६० अंशांच्या वर चुना झपाट्याने सुटतो आणि ट्यूबच्या तळाशी बसतो. एखादी ट्यूब काढून उलटी केलीत तर पांढरी खडी निघेल. साफ करायला सायट्रिक ऍसिड, लिटरला ५० ग्रॅम. एका ट्यूबमध्ये पावणेतीन लिटर पाणी मावतं, म्हणजे ट्यूबमागे १३५-१४० ग्रॅम. दोन-तीन तास ठेवून ब्रशशिवाय नुसतं हलवून ओता. संडास धुवायचं ऍसिड टाकीत किंवा ट्यूबमध्ये चुकूनही घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे क्लोराइडच. चुना जाईल, पण टाकीही जाईल.

युनिटचा_हिशोब

दुरुस्ती की नवा याच्या आधी एक प्रश्न सुटून चाललाय. नागपुरात तुम्हाला सोलरचं गरम पाणी वर्षातून किती दिवस लागतं? मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत गच्चीवरच्या साध्या टाकीचं पाणीच चटके देतं, उलट ते थंड कसं करावं ही विवंचना. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात, सोलर अर्धवटच चालतो. खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि दोन्हीकडचे थोडे दिवस. धरून चालू १४० दिवस.

चार माणसं, माणशी एक बादली, २० लिटर. १८ अंशांचं पाणी ४२ ला न्यायला बादलीमागे सुमारे ०.५६ युनिट, चौघांचे सव्वादोन, गिझरमधली गळती धरून पावणेतीन म्हणा. १४० दिवसांचे ३८५ युनिट. दर काढताना नुसता वीज आकार पाहू नका, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवून शेवटच्या स्लॅबचा दर काढा. हिशोबाला ११ रुपये धरले तर वर्षाला ४,२०० रुपये. म्हणजे ३३,००० चा सोलर आठ वर्षांनी फिटणार. तुमच्या पाण्यावर टाकी तेवढी टिकेलच याची खात्री नाही.

दोन-दोन बादल्या, भांडी, म्हातारी माणसं, लहान मूल असा वापर असेल तर हाच आकडा दुप्पट होतो आणि सोलर चार वर्षांत फिटतो. तेव्हा आधी बादल्या मोजा.

तिसरा पर्यायही आहे. छतावर वीज बनवणारे सौर पॅनल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या सोलरला या योजनेतून काही मिळत नाही, त्यावरचं केंद्राचं जुनं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. त्यामुळे "सरकारी सबसिडीत सोलर गिझर" असा फोन आला तर ठेवून द्या. एक किलोवॉटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतात, उन्हाळ्यातही देतात, आणि ती वीज नेट मीटरिंगने एसी-कूलरच्या बिलातून वजा होते. नागपूरच्या माणसाला वर्षातले सात महिने थंडाव्याचा खर्च आणि चार महिने गरम पाण्याचा. पैसा कुठे लावायचा ते यावरून ठरतं.

पाना_त्रिमूर्तीनगर

हिशोब बरोबर आहे, पण डिसेंबरात सकाळी साडेपाचला एकामागून एक चार जण अंघोळीला उभे राहतात, तेव्हा १५ लिटरचा गिझर दर वेळी वीस मिनिटं मागतो. २०० लिटर कढत पाणी वर तयार असण्याचा आराम युनिटमध्ये मोजता येत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर गेला होता. तसल्या सकाळी हिशोबाची वही कोणी उघडत नाही.

बॅकअपच्या भरवशावर सोलर वापरणं मात्र महाग. २०० लिटर २० वरून ६० ला न्यायला ९.३ युनिट लागतात, २ किलोवॉटला पावणेपाच तास. एका माणसाच्या अंघोळीसाठी सगळी टाकी तापवत बसू नये. ढगाळ दिवसांसाठी बाथरूममध्ये छोटा गिझर वेगळा असलेला बरा.

बेसा_रोड

सगळ्यांचे आभार. तपासलं, निकाल देतो.

पट्ट्यांपैकी ट्यूबच्या दोनच ओल्या, बाकी कोरड्या. तरी उजव्या टोकाच्या झाकणातून गळत होतं. ड्रेनने पाणी उतरवत गेलो, टाकी जवळपास रिकामी होईपर्यंत थेंब चालूच होते. पाण्यात पिवळे कण आहेत आणि झाकण हाताला फुगीर लागतं. एलिमेंट २७ ओहम, पण मेगरवर जवळजवळ शून्य. सायंकाळी सहाला ६८ अंश, सकाळी सहाला ४१. थंड पाईप टाकीपासून चार फुटांपर्यंत गरम होता, एनआरव्ही लाइनीवर नाहीच. पाण्याचा कठीणपणा ५२०, क्लोराइड २७०.

दोन शंका उरल्या. शेजारच्यांनी दक्षिणेला मजला चढवलाय. त्यांची भिंत आमच्या गच्चीपेक्षा तीन मीटर उंच आणि सोलरपासून सहा मीटर दूर आहे. नवा लावून सावलीत बसणार नाही ना? आणि फक्त टाकी बदलून मिळते का? स्टँड आणि १७ ट्यूब चांगल्या आहेत.

ट्यूब५८

टाकी गेली. रबर आणि ट्यूबवर पैसे घालू नका, ८,५०० वाया जातील.

फुगीर झाकणाकडे लक्ष द्या. व्हेंट पाईप तपासलात का? टाकीतली हवा आणि वाफ बाहेर जायला तो एकच रस्ता असतो. चुन्याने तो बुजला किंवा साध्या पीव्हीसीचा असून उन्हाळ्यात मऊ पडून मुडपला, तर टाकी उन्हात फुगते आणि गरम नळ सोडला की आत चेपते. दिवसागणिक हे झालं की टोकाचा जोड उसवतो. घरातला गरम नळ पूर्ण सोडा आणि व्हेंटच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. पिशवी आत ओढली गेली तर व्हेंट मोकळा. नाही ओढली गेली तर टाकी फुटायचं निम्मं कारण सापडलं, आणि तोच पाईप नव्या टाकीला जोडला तर तीही तशीच जाईल. नवा व्हेंट सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) किंवा जीआयचा (जस्त चढवलेलं लोखंड), मोठ्या टाकीच्या पाण्याच्या पातळीहून फूटभर उंच, वर टोपी किंवा वॉल्व्ह काही नाही.

सावलीची काळजी नको. नागपूर २१.१५ अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीची सावली भिंतीच्या उंचीइतकी, तुमच्याकडे तीन मीटर. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला उत्तरेकडे पडणारा तिचा भाग उंचीच्या सव्वापटीहून थोडा जास्त, चार मीटरच्या आत. सहा मीटरवर सोलर मोकळा आहे. त्यांनी आणखी एक मजला चढवला तर मात्र हिवाळ्यातला सकाळचा आणि दुपारनंतरचा बराचसा भाग जाईल. शेजाऱ्यांच्या पिलरच्या सळ्या वर काढून ठेवलेल्या दिसत असतील तर सोलर आत्ताच उत्तरेच्या कठड्याकडे सरकवा.

नुसती टाकी मिळते, पण ट्यूबच्या भोकांमधलं अंतर जुळलं पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या ट्यूबच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या आणि १९ ने भागा. ७० येईल, ७५ येईल, ८० येईल, कंपनीप्रमाणे बदलतं. दोन मिलिमीटरचा फरकही वीस ट्यूबपर्यंत पोचेतो चार सेंटिमीटर होतो आणि खालच्या कपात ट्यूब बसत नाही. तिरपी बसवलेली ट्यूब रबरातून गळतेच. त्याच कंपनीची त्याच मापाची टाकी नव्याच्या निम्म्या भावात मिळत असेल तर घ्या, नाहीतर पूर्ण संच. तसंही स्टँडच्या पायांचा गंज टाचणीने टोकरून पाहा. भरलेलं यंत्र सव्वातीनशे किलोच्या घरात जातं, आणि आपल्याकडची वैशाखातली वावटळ रिकाम्या यंत्राला उचलून टाकते.

नवा घेताना दुकानदाराला एवढं विचारा. आतली टाकी कशाची? २७० क्लोराइडला ३०४ पुन्हा घेऊ नका. ३१६एल (क्लोराइड जास्त सोसणारं स्टेनलेस) घ्या, किंवा काचेचा मुलामा दिलेली पोलादी टाकी, पण तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड हवा आणि तो वर्षातून एकदा काढून पाहायची तयारी हवी. रॉड बोटाएवढा जाड येतो, करंगळीहून बारीक झाला की बदलायचा. तो संपला की गंज टाकीवर येतो. २०० लिटर म्हणजे नुसती टाकी की ट्यूबमधलं पाणी धरून? २० ट्यूबमध्येच ५४ लिटर असतं आणि ते पाणी नळाला येत नाही. काही जण ते मोजून २०० सांगतात. पफ ५० मिमीचा आहे का? ट्यूबवर आयएस १६५४३ आणि संचावर आयएस १६५४४ हे मानक लिहिलेलं आहे का? आणि वॉरंटी कार्डाच्या मागे पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा काय छापली आहे? हा शेवटचा प्रश्न विचारला की बरेच जण दुसरं मॉडेल दाखवायला लागतात.

तांब्याच्या नळ्यांचा चपटा कलेक्टर कोणी सुचवला तर ५२० कठीणपणाला नको. त्याच्या बारीक नळ्या चुन्याने बुजतात आणि ट्यूबसारख्या बाहेर काढून धुता येत नाहीत.

युनिटचा_हिशोब

एक सुचवतो. सोलरची लाइन बोअरिंगवरून काढून नळाच्या पाण्यावर घ्या. पेंच-कन्हानचं पाणी साधारणपणे बोअरिंगपेक्षा पुष्कळ हलकं असतं, तरी त्याचाही कठीणपणा एकदा तपासा. चार माणसांना दिवसाला शंभर-सव्वाशे लिटरच लागेल. गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी आणि फ्लोट, खर्च नव्या सोलरच्या चौथ्या हिश्शाहून कमी. पाणी बदललं तर आठ वर्षांत फिटण्याचा माझा हिशोबही जरा बरा दिसायला लागतो. आणि माणशी एकच बादली असेल तर २०० ऐवजी १५० लिटर घ्या.

पाना_त्रिमूर्तीनगर

१५० लिटरला माझा विरोध. ढगाळ दिवशी जास्तीचं पाणीच कामाला येतं, आणि भावातला फरक चार-पाच हजारांचा असतो. वेगळ्या टाकीची सूचना मात्र पटली. तिचं बूड सोलर टाकीच्या माथ्याहून वर हवं, पण पाण्याची पातळी दोन-अडीच मीटरहून जास्त वर नको. हे यंत्र बिनदाबाचं आहे. प्रेशर पंपाची लाइन त्याला थेट जोडली तर पहिल्या आठवड्यातच रबर बाहेर येतात.

बसवताना उभं राहून पाहायच्या गोष्टी सांगतो. तोंड बरोबर दक्षिणेला, मोबाईलचा कंपास पुरतो, पण लोखंडी स्टँडपासून दूर उभं राहून. उतार ३० ते ३५ अंश. थंड लाइनीवर एनआरव्ही, त्याच्या आधी गाळणी, आणि टाकीला लागण्याआधी पाईपला खाली एक यू आकाराचं वळण, म्हणजे गरम पाणी मागे चढत नाही. तुमचे सकाळचे बरेच अंश इथूनच जात होते, पफला एकट्याला दोष देऊ नका. ट्यूब बसवताना रबराला साबणाचं पाणी, तेल किंवा ग्रीस नाही. ट्यूब एकाच दिशेने फिरवत आत सारायची, हातोडीने ठोकू देऊ नका. गरम लाइनीला गच्चीवर इन्सुलेशनची नळी आणि तिच्यावर उन्हाने न फाटणारी टेप, नुसती काळी नळी दोन उन्हाळ्यांत भुगा होते. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी १८ मीटर असेल तर नळ सोडल्यावर आधी साडेचार लिटर थंड पाणी येणार, ते बादलीत धरा.

उन्हाळ्यात कूलरच्या वर बांधता तसली हिरवी जाळी मार्चमध्ये निम्म्या ट्यूबवर दुहेरी करून बांधा आणि ऑक्टोबरात काढा. पाणी उकळत नाही, रबर टिकतात, चुना कमी बसतो. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते तेव्हा तीच जाळी बारीक गारांचा मारही थोडा झेलते. एक ट्यूब फुटली की सगळी टाकी तिच्यातून खाली वाहते, म्हणून थंड पाण्याचा वॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

बेसा_रोड

व्हेंटवर पिशवी धरून पाहिली, ओढली गेली नाही. काढून पाहिला तर साधा पीव्हीसी, आतून पेन्सिलीएवढं भोक उरलेलं. ३१६एलचा २०० लिटरचा संच, वेगळी टाकी आणि एनआरव्ही असं ठरवतोय. दुकानदार जुन्याचे ३,००० द्यायला अजून तयार आहे. देऊन टाकू का? आणि नवा येईपर्यंत जुना तसाच ठेवला तर चालेल?

ट्यूब५८

तसाच ठेवू नका. सूर्य मावळल्यावर दोन्ही वॉल्व्ह बंद करून ड्रेन करा, ट्यूब उपसून आडव्या सावलीत ठेवा. ट्यूब काढायच्या नसतील तर निदान जाड ताडपत्रीने पूर्ण झाका. एलिमेंटच्या वायर एमसीबीपाशीच सोडवून टोकं टेप करा.

३,००० मध्ये सगळं देऊ नका. आधी भंगारवाल्याला टाकी आणि स्टँडचा भाव विचारा, स्टेनलेसला वेगळा भाव असतो आणि तो वजनावर ठरतो, त्यामुळे टाकी पाणी निथळवून द्या म्हणजे वाद नको. काच तो घेणार नाही. नव्या संचाच्या ट्यूबही ५८ बाय १८०० च्या असतील तर जुन्या १७ मधल्या चकचकीत बुडाच्या चार निवडून सायट्रिकने धुऊन ठेवा, सोबत नवी सहा रबरं. बाकीच्या दुकानदाराला देऊन टाका, पांढऱ्या तीन धरून.